आण्णांची अर्धी सांडणी

आण्णांच्या दारात उभं राहिलं की आधी त्यांची काठी दिसायची, मग आण्णा. काठी उंबऱ्यावर आडवी घातलेली असे, जकातनाक्याच्या बांबूसारखी. आलेला माणूस कोण आहे ते बघून ती उचलायची की नाही हे ठरे. माझ्यासाठी ती उचलल्याचं मला आठवत नाही. ते माझे सख्खे चुलते; पण त्यांच्याशी जे काही बोलणं झालं ते अंगणातून, उभ्यानं.

"काय गं इमल, बापाची वकील म्हून आलीस का?"

"वकील कशाला, आण्णा? इंजिन मागायला आले."

"कुठलं इंजिन?"

"सांडणीचं."

"तितनंच मागं फिर. आन फिरताना माज्या कोथिंबिरीवर पाय दिऊ नको."

मागे फिरले. कोथिंबिरीवर पाय दिला नाही, कारण तो दिला असता तर ती गोष्ट पुढची कित्येक वर्षं वाडीत ऐकायला मिळाली असती.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं आण्णा आणि माझे वडील, दादा, शेजारी शेजारी राहिले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. दोन घरांत अंगण एकच होतं. आण्णांनी त्यावर चुन्याची रेघ मारली आणि दर दिवाळीला ती नव्यानं मारत राहिले. चुना हा त्यांचा आवडता पदार्थ होता. त्यांच्या वाट्याच्या प्रत्येक वस्तूवर चुन्याचा ठिपका असे: आंब्याच्या खोडावर, पाट्यावर, वरवंट्यावर, म्हशीच्या शिंगावर. कोंबड्यांना चुना टिकेना म्हणून त्यांच्या पायात पांढरी चिंधी. आमच्या कोंबडीनं रेघेपलीकडे अंडं घातलं तर अंडं त्यांचं. त्यांच्या कोंबडीनं आमच्याकडे घातलं तर चोर आम्ही.

आता ते नाहीत. नातेवाइकांत त्यांच्याबद्दल बोलणं निघालं की कुणीतरी हटकून म्हणतं, "तोंडानं फाटका होता, पण मनानं चांगला." मनाचं मला सांगता येणार नाही, तिथपर्यंत मला कधी जाऊ दिलं गेलं नाही. मी जे अंगणातून पाहिलं तेवढं लिहिते.

सांडणी म्हणजे एक मोटरसायकल. परदेशी बनावटीची, टू-स्ट्रोक, डोंगरात चालवण्यासाठीच केलेली. उंच मडगार्ड, जाड दातेरी टायर, वरच्या बाजूनं गेलेला सायलेन्सर. धरणाच्या मोजणीसाठी आलेल्या एका साहेबानं ती आणली आणि काम संपल्यावर वेल्ह्याच्या बाजारात विकून टाकली. दोघा भावांनी मिळून घेतली. तेव्हा वाडीला रस्ता नव्हता, बैलगाडीची चाकोरी होती, तीही निम्म्यापर्यंतच. ही गाडी तिथून वर चढायची. दूध खाली न्यायची, औषध वर आणायची. उंटासारखी उंच आणि निरोप पोचवायला जलद, म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव सांडणी ठेवलं. मी टाकीवर बसायचे. टाकी तापली की रडायचे, आणि उतरवलं की त्याहून मोठ्यानं रडायचे.

मी शाळेत असताना आजोबा गेले आणि वाटणी निघाली. जमीन झाली, जनावरं झाली, भांडी झाली. अडलं ते सांडणीपाशी.

"गाडी एकानं घ्या, दुसऱ्यानं गाय घ्या," पंच म्हणाले.

"गाय म्हातारी हाय," आण्णा म्हणाले.

"गाडी काय पोरसवदा हाय व्हय?"

"गाय नगं. गाडीचं वाटं करा."

पंच हसले. आण्णा हसले नाहीत. आमच्याकडे रिवाज असा की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही; केलीच तर स्वतःच खड्ड्यात पडतो. आण्णांनी पाने आणले आणि सगळ्यांसमोर गाडी खोलली. मग वाटे घातले. एका बाजूला सांगाडा, चाकं, हँडल, टाकी आणि सीट, सगळं जागच्या जागी, गाडी स्टँडवर उभी. दुसऱ्या बाजूला पोत्यावर इंजिन, कार्बोरेटर आणि सायलेन्सर, तेलानं काळे झालेले. कागद आण्णांच्या नावावर होते ते त्यांच्याकडेच राहिले. कागदाला तेव्हा कोण विचारत होतं.

दादांनी क्षणभरही विचार न करता हँडलवर हात ठेवला.

त्यांचं म्हणणं ते शेवटपर्यंत सांगत आले: "उभी गाडी सोडून पोत्यावरचा काळा गोळा उचलायचा का? इंजिन काय, बाजारात मिळंल." ते इंजिन बाजारात कधीही मिळालं नाही. गाडीसारखी दिसणारी वस्तू उचलून त्यांनी गाडी सोडली होती, आणि आण्णांनी भावाला बरोबर ओळखून वाटे घातले होते. या विषयावर आण्णांचं वाक्य ठरलेलं असे. ते कुणी विचारो न विचारो, म्हणायचे, "म्या वाटं केलं, त्यानं उचललं. माजा काय दोस?"

इंजिनाचं त्यांनी काय केलं तेही सांगते. लाकडी घोड्यावर बसवलं, पट्टा लावून मोठा पंखा फिरवला, आणि भात उफणायचं यंत्र केलं. सुगी झाली की सगळी वाडी रास घेऊन त्यांच्या खळ्यावर जायची. आम्ही सोडून. आमच्याकडे आई सूप हातात घेऊन वाऱ्याची वाट बघत उभी राहायची. आण्णांचा पंखा पलीकडे भणभणायचा, आणि त्याचं तोंड असं लावलेलं असायचं की सगळ्या वाडीचा भुसा आमच्या अंगणात यावा. दादाही गप्प बसणारे नव्हते. आण्णांच्या तळाच्या खाचराकडे जाणारी पायवाट आमच्या वाट्यातून जात होती. ती त्यांनी काट्या रोवून बंद केली. तेव्हापासून आण्णा आणि काकी शेणखताच्या पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून वळसा घालून जाऊ लागले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गुडघ्यापर्यंत भिजून जायचे, आणि जाताना आण्णा आमच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं सांगायचे की पाण्यानं पाय लई साफ होत्यात.

दादा गेल्यावर त्यांची एकुलती मुलगी म्हणून सगळं माझ्याकडे आलं. गोठ्यात सांडणीचा सांगाडा होता. त्यावर कोंबड्या बसत होत्या.

मी महामार्गावर शिवऱ्याजवळ एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फडताळात, किती उरली, कधी मागवायची, हे माझं काम. राहते भोरला, कामावर जाते मोटरसायकलनं. त्या सांगाड्याकडे बघून माझ्या मनात जे आलं ते फार साधं होतं: ही गाडी मला चालवायची आहे. वडिलांची आठवण वगैरे मी नंतर लोकांना सांगितलं, कारण पन्नाशीच्या बाईनं एवढंच कारण दिलेलं लोकांना पुरत नाही.

सांगाडा टेम्पोतून भोरला आणला आणि रशीदभाईंच्या गॅरेजात उतरवला. रशीदभाईंचं गॅरेज बाजारपेठेच्या टोकाला आहे. त्यांच्या वडिलांनी संस्थानिकांच्या मोटारीला हात लावला होता असं ते सांगतात, आणि त्या एका हातावर घरातल्या सगळ्यांचा आत्मविश्वास चालतो. कुठलंही काम त्यांना "हो जाएगा" नसतं, ते मराठीतच म्हणतात, "झालं समजा, ताई." झालेलं नसतं. त्यांनी मला दुसऱ्याच कुठल्या गाडीचे शॉकअप आणून बसवून दाखवले, "कंपनीचे" म्हणाले. मी मापपट्टी लावली. बोटभर लांब होते.

"बोटभरानं काय होतंय, ताई? डोंगरात उंच बरी."

"उतारावर मी हँडलवरून पुढे जाईन, रशीदभाई."

"मग हळू चालवा."

काय लागतं याची मी यादी केली आणि भिंतीवर लावली. ब्रेकचे शू, शॉकअपची जोडी, मागचं दातेरी चक्र, क्लचची तार, हेडलाइटची काच, फुटरेस्ट. आणि सगळ्यांत वर, लाल शाईनं, इंजिन. दुसरं इंजिन बसवून चालणार नव्हतं. इतक्या जुन्या गाडीची नोंद पुढे चालू ठेवायची तर तपासणीला गाडी चालू हालतीत न्यावी लागते, आणि सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळावा लागतो. मुदत दिवाळीपर्यंतची. ती गेली की कागद रद्द, आणि गाडी भंगार.

"इंजिन म्या कुठनं बी आणीन," रशीदभाई म्हणाले. "नंबर कुठनं आणू?"

नंबर आण्णांच्या गोठ्यात लाकडी घोड्यावर बसला होता. कागद त्यांच्या पेटीत. म्हणून मी त्यांच्या दारात गेले, आणि कोथिंबीर वाचवून परत आले.

निदान बाकीचं सामान तरी गोळा करू म्हणून मी सुट्टीच्या दिवशी हिंडायला लागले. पुण्याचा जुना बाजार, सातारा, सांगली. सगळीकडे एकच उत्तर. आहे म्हणता म्हणता दुकानदार डोकं खाजवायचा. "होतं बघा. गेलं." जुन्या बाजारातल्या एकानं शेवटी नीट सांगितलं.

"तुमच्याकडचाच एक म्हातारा न्यायचा. वेल्ह्याकडचा. धोतर, हातात काठी. या गाडीचं काहीही आलं की त्याला ठेवायचं असं सांगून गेला होता. वर्षानुवर्षं येतोय."

"इंजिनाचं सामान न्यायचा?"

"छे. इंजिनाला हात लावत नव्हता. ब्रेक, शॉकअप, चाकाचं काय काय. भांडायचा खूप, पण घेऊन जायचा."

मी तिथल्या दगडावर बसले. माझ्या यादीतली, लाल शाईच्या खालची प्रत्येक ओळ आण्णांच्या माळ्यावर होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि वाडीला गेले. आण्णा ओटीवर सुपारी कातरत होते. मी अंगणातूनच विचारलं, "आण्णा, सांडणीचे ब्रेक शू तुमच्याकडे आहेत?"

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या चेहऱ्यावर तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ते बहुधा या प्रश्नाचीच वाट बघत होते.

"हायेत की. बघायचं का?"

आणि त्यांनी दाखवलं. म्हणजे मला आत बोलावलं नाही. ते स्वतः माळ्यावर चढले आणि एकेक वस्तू घेऊन ओटीच्या काठावर आले. प्रत्येक वस्तू तेल लावून लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली. सोडायचे, उन्हात धरायचे, पुन्हा गुंडाळायचे.

"ह्यो बिरेकचा शू. कोरा हाय. हे शॉकप. जोडी. तुमच्या रशीदनं लांबडं बसवलं म्हनं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला समदं कळतं. ही काच बघ. हिला तडा न्हाई. हात लावू नको!"

आतून काकी म्हणाल्या, "माजी दोन लुगडी ह्यात फाडली गं बाय. चांगली होती."

"आण्णा, हे तुमच्या काय उपयोगाचं? चाकं तर आमच्याकडे."

"मला कशाला उपेग पायजे? तुज्या बापाला मिळू ने, येवढाच उपेग."

"दादा गेले, आण्णा. आता कुणाला मिळू नये म्हणून ठेवताय?"

आण्णांनी काच चिंधीत गुंडाळली. जरा विचार केला.

"तू हायस की," ते म्हणाले.

हे मी भोरला येऊन सांगितलं तेव्हा रशीदभाईंचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, म्हातारा भावासाठीच जमवत होता, फक्त तोंडानं कबूल करत नव्हता. आमच्या नात्यातही अनेकांना तसंच वाटतं, आणि ते मला तसं लिही म्हणून सांगतात. मी लिहिणार नाही. मी तिथं होते. त्यांना सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. खोटं बोलणं त्यांना गरजेचं वाटत नसे. खरं जास्त लागतं हे त्यांना ठाऊक होतं. आपला नसलेला अर्धा भाग त्यांनी कुठल्याही शौकिनापेक्षा चांगला जपला, कारण तो दुसऱ्याला मिळू द्यायचा नव्हता.

दिवाळी जवळ येत होती. मी बसून विचार केला की आण्णांना इंजिनापेक्षा जास्त हवं असं माझ्याकडे काय आहे. एकच गोष्ट होती. पायवाट. काकींचे गुडघे गेले होते आणि ओढ्यातून त्यांना काठी धरून जावं लागत होतं. आण्णाही ऐंशीच्या घरात आले होते. मी वाट मोकळी करून देते म्हटलं तर ते घेणार नव्हते, माझ्या हातून त्यांनी पाणीही घेतलं नसतं. म्हणून मी त्यांच्याच रिवाजानं गेले.

"आण्णा, सांडणीची वाटणी पुन्हा करायची."

"झाल्याली वाटणी पुन्हा व्हत न्हाई."

"मागच्या वेळी तुम्ही वाटे घातलेत, दादांनी उचलला. आता मी घालते, तुम्ही उचला."

त्यांच्या हातातली काठी आपटायची थांबली. उचलायचं आपल्याकडे आहे हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"काय वाटं?"

"एका वाट्यात अख्खी गाडी. तुमचं इंजिन, माझा सांगाडा, तुमच्या माळ्यावरचं सगळं. दुसऱ्या वाट्यात पायवाट. कायमची, स्टँपवर लिहून. तुम्ही उचलाल ते तुमचं, उरेल ते माझं."

मला माझ्या हिशेबाची खात्री होती. ओढा, गुडघे, वय, शेणखत. समोर चालवता न येणारी मोटरसायकल. पारडं कुठं झुकणार हे कुणीही सांगितलं असतं. मी रशीदभाईंना सांगून टेम्पो ठरवून ठेवला होता, इंजिन त्याच दिवशी खाली आणायला; वाटा सगळ्यांना डोळ्यांनी दिसावा म्हणून सांगाडाही त्यातूनच वर आणला होता.

वाडीतले दोघे जण साक्षीला बसले. रशीदभाई टेम्पोला टेकून उभे. काकी पदर खोचून दारात आल्या.

"वाट घ्या वो," त्या म्हणाल्या. "माजं गुडगं बघा. वाट घ्या."

आण्णांनी काकींकडे बघितलं नाही. वाटेकडेही बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी कशाकडे बघतेय ते बघत होते, आणि मी त्या वेळी टेम्पोत ठेवलेल्या सांगाड्याकडे बघत होते.

"गाडी," आण्णा म्हणाले.

"आरं देवा!" काकींनी कपाळावर हात मारून घेतला. "हितं म्हशीवर बसता येत न्हाई, आन गाडी!"

"उतरवा खाली," आण्णांनी रशीदभाईंना सांगितलं. "टायर धरून न्हाई, सांगाडा धरून. माजा हाय त्यो आता."

बोलायला जागा नव्हती; वाटे मी घातले होते. दुसऱ्या दिवशी मात्र मी गडी लावून दादांनी रोवलेल्या काट्या उपटून टाकल्या. काकी तेव्हापासून त्या वाटेनं जातात. आण्णा गेले नाहीत. वाट त्यांची नव्हती, त्यांनी ती उचलली नव्हती. काकी पाटी घेऊन वाटेनं पोचायच्या आणि आण्णा ओढ्यातून ओल्या धोतरानं मागनं यायचे, आणि खाचरात पोचल्यावर काकींना उशीर का झाला म्हणून विचारायचे.

गाडी त्यांची झाली, मुदत होती तिथंच राहिली. आण्णांनी ती अंगणात, त्यांच्या बाजूला, जोडून उभी करायची ठरवली. रशीदभाई दर रविवारी भोरहून येऊ लागले. दोन रविवार झाले आणि त्यांनी मला फोन केला. "ताई, तुमी या. म्हातारा मला पाना मारील." मी गेले. का गेले याचं उत्तर मी स्वतःला असं दिलं की अर्धवट काम मला बघवत नाही. खरं तेच, फक्त पुरं नाही.

ते रविवार वाईट गेले. आण्णा खुर्ची घेऊन समोर बसायचे आणि प्रत्येक बोल्टवर मत द्यायचे. मी सामान मांडलं की ते मांडणी बदलायचे. कुठला शू कुठल्या चाकाचा हे मी सांगितलं की ते रशीदभाईंना म्हणायचे, "तिचं ऐकू नको, तिच्या बापानं चाक बघून गाडी उचलली व्हती." चहा यायचा तो रशीदभाईंना आणि आण्णांना. मला काकी कुडाच्या मागून, आण्णांची पाठ वळली की, वाटी भरून द्यायच्या. पट्ट्यावर इतकी वर्षं चालून इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. त्या मात्र आण्णांच्या माळ्यावर नव्हत्या. आपल्या वाट्याचं काही बिघडेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. रिंगा मी सांगलीहून आणल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, उन्हात धरल्या आणि म्हणाले, "हलक्या हायेत." बसवल्या त्याच.

गाडी चालू झाली तेव्हा रशीदभाई ओरडले, काकी आत पळाल्या, आणि निळ्या धुरात आण्णा खुर्चीत तसेच बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "तपासणीला कोण नेणार?"

रशीदभाईंचा उजवा गुडघा किक मारून मारून सुजला होता. आण्णांनी वाडीतल्या प्रत्येक माणसाचं नाव घेतलं. एवढी उंच, जुनी, उलट्या बाजूच्या गिअरची गाडी घाट उतरवून न्यायला कुणी तयार होईना. सगळी नावं संपल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला सांग."

मी तिथंच उभी होते.

भोरला आरटीओचा कॅम्प होता त्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. आण्णा मागे बसले, धोतराचा काचा मारून, काठी माझ्या आणि त्यांच्या मध्ये आडवी. त्या काठीचं टोक त्यांनी भोरपर्यंत माझ्या बरगडीत ठेवलं. डावीकडे वळायचं तर डावीकडे टोचणी, हळू करायचं तर दोन टोचण्या. वाडीखालच्या खडकाळ कच्च्या रस्त्यावर मी त्यांना म्हटलं, घट्ट धरा. ते म्हणाले, "तू फूडं बघ." त्यांनी मला धरलं नाही, सीटच्या मागची कडी धरली.

वेल्ह्याच्या बाजारात माणसं उठून उभी राहिली.

"आण्णा, गाडी कुणाची वो?"

"माजी!"

"आन चालवतंय कोण?"

"डायवर ठेवलाय!"

हसले सगळे. मी गिअर बदलला. बाजार मागे पडल्यावर चढ आला, आणि सांडणी दुसऱ्या गिअरात, कुठंही दम न टाकता, आम्हा दोघांना घेऊन तो चढली. हँडलमधून तिचा थरकाप माझ्या कोपरापर्यंत येत होता. मला जे हवं होतं ते मला मिळत होतं. ते कुणाचं आहे हे बरगडीत टोचत होतं. नसरापूरपर्यंत मी मुद्दाम सावकाश चालवली हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण बराच वेळ काठी बोलली नाही.

कॅम्पवर नंबर जुळले. साहेबांनी गाडीभोवती दोनदा फेरी मारली, फोटो काढला. "आजोबा, ही तुमची मुलगी का?" त्यांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "न्हाई," आणि कागदावर सही केली.

परत वाडीला आलो तेव्हा ऊन कललं होतं. मी गाडी त्यांच्या गोठ्यासमोर लावली, इंजिन बंद केलं. दोघंही धुळीनं लाल झालो होतो. मी कामाचं तेवढं बोलले.

"आण्णा, ही नुसती उभी ठेवली तर पुन्हा जाम होईल. महिन्यातून एकदा तरी चालवायला हवी. मी येत जाईन."

त्यांनी माझ्या हत्यारांच्या पिशवीत हात घातला, प्लगचा पाना काढला आणि वाकून, दोन खेपेत दमून, प्लग खोलला. इंजिन नुकतंच बंद झालं होतं. प्लग इतका गरम होता की तो त्यांनी एका तळव्यावरून दुसऱ्यावर उडवला. प्लगशिवाय गाडी चालू होत नाही; पण प्लग कुठल्याही दुकानात मिळतो. भोरात मिळतो, वेल्ह्यातही मिळतो. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्यांनी तो कोपरीच्या छातीवरच्या खिशात टाकला. मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही, म्हणून हे नीट आठवतं. चटका बसल्याचं दिसलं. खांदा उडाला, तोंड वाकडं झालं. कापड चिमटीत धरून खिसा अंगापासून लांब करता आला असता. त्यांनी उलट वरून हात दाबून धरला, माझ्याकडे बघितलं, आणि मान ताठ ठेवून, घाई न करता, घराच्या पायऱ्या चढून गेले.